उसवता येईल अशी जोड

शाळेने 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तू करून आणायला सांगितली, की त्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानातली आइस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं भराभर संपतात. त्या काड्यांना आइस्क्रीमचा स्पर्शही झालेला नसतो. कारखान्यातून थेट पाकिटात, पाकिटातून थेट टिकाऊ वस्तूत, असा त्यांचा प्रवास. जोडीला चमकी, फोमचे रंगीत कागद, सोनेरी स्प्रे आणि गरम गोंदाची बंदूक येते. घरातलं खरोखर टाकाऊ असं यात बहुधा एकच असतं, ते म्हणजे पाण्याची रिकामी बाटली. तिला अर्ध्यावर कापून, रंगवून, चमकी चिकटवून पेनं ठेवायचं भांडं तयार होतं. गंमत अशी, की कापण्यापूर्वी ही बाटली टाकाऊ नव्हतीच. भंगारवाला तिचे किलोवर पैसे देत होता आणि तिच्यापासून पुन्हा धागा निघत होता. रंग, गोंद आणि चमकी लागल्यावर मात्र तोच भंगारवाला तिला हात लावत नाही. महिना-दोन महिन्यांत भांड्याचा एखादा मणी गळतो, कडेला धूळ बसते आणि ते कचऱ्यात जातं. तेव्हा ती बाटली पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कचरा होते.

रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्याने १९९४ साली 'अपसायकलिंग' हा शब्द वापरला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जुन्या इमारतींच्या विटा होत्या. चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करायचा आणि त्याला पुनर्वापर म्हणायचं, हे त्याला मान्य नव्हतं. जुन्या वस्तूची किंमत उतरू नये, चढावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे, आणि हौशी कारागिरीत ती विसरली जाते. वीट पुन्हा वापरता येते, कारण ती भिंतीतून सुटी करता येते. जुन्या चुन्यातली वीट अख्खी निघते, सिमेंटमधली निघता निघता फुटते. दागिना असो, पिशवी असो की डबा, स्वस्तातल्या किंवा जुन्या सामानाच्या वस्तूची पारख ती कशापासून केली यापेक्षा ती जोडली कशाने यावरून करावी, असं माझं म्हणणं आहे. जोड उसवता आली, तर त्या सामानाला पुढचा जन्म मिळतो. नाही आली, तर आपण त्याचा शेवट फक्त सजवलेला असतो.

हे शहाणपण नवं नाही. लुगडं मध्ये विरलं, की आपल्याकडे त्याला दंड घालत. विरलेला पट्टा कापून काढायचा आणि दोन्ही बाजूंचे धड भाग मधोमध शिवून टाकायचे. लुगडं थोडं तोकडं व्हायचं, पण आणखी एखादं वर्ष निघायचं. मग त्याची पोरांची झबली, दुपटी व्हायची आणि उरलेलं गोधडीत जायचं. कुणी तिला वाकळ म्हणतं. गोधडीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. आत सगळ्यात जीर्ण कापडाचे थर, वरखाली त्यातल्या त्यात धड लुगडं किंवा धोतर, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा एकच टाका, साधा धावदोरा. शिवणकामातला हा सगळ्यात सोपा टाका आहे आणि उसवायलाही सगळ्यात सोपा. वरचं कापड फाटलं, की त्यावर नवं जुनेर घालून पुन्हा धावदोरा मारायचा. त्यामुळे जुन्या गोधडीच्या पोटात घरातली कितीतरी वर्षं थराथराने दडलेली सापडतात. शेवटी गोधडीही हरली की तिचं पायपुसणं होतं, पायपुसण्याचं पोतेरं. बंगालच्या कांथ्यात तर शिवायचा दोराही जुन्या साडीच्या काठातून ओढून काढत, म्हणजे जोडणारी वस्तूसुद्धा जुनीच. या साखळीत बाहेरून येते ती फक्त सुई, आणि कुठल्याही पायरीवर कापडात असं काही मिसळत नाही की पुढची पायरी अडावी.

दागिन्यांतही हेच दिसतं. फुटक्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर तापवायचे, मऊ पडले की वाकवून एकमेकांत अडकवायचे आणि साखळी करून दारावर तोरण टांगायचं, हा मुलींचा जुना उद्योग. गोंद नाही, तार नाही. काचच काचेला धरते, आणि तोरण तुटलं तरी मागे उरते ती काचच. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांची तर बातच और. खसखस किंवा तिळाच्या दाण्यावर साखरेच्या पाकाची पुटं चढवून काटा आणायचा, आणि तो हलवा दोऱ्याने गुंफून नव्या सुनेसाठी हार, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा करायचा, बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट करायचा. सोन्याच्या घडणीचे सगळे नमुने साखरेत उतरवलेले, एका संध्याकाळपुरते. काम संपलं की दोरा ओढायचा आणि दागिना तोंडात टाकायचा. विकतच्या काही संचांत हल्ली हलवा पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला असतो. दिसायला तो जास्त रेखीव असतो, पण खाता येत नाही. जोड बदलली की वस्तूचा शेवट कसा बदलतो, याचं याहून नेटकं उदाहरण सापडणं कठीण.

चिकटवण्यालाच विरोध आहे, असं मात्र नाही. रद्दी भिजत घालून, कुटून लगदा करायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपली वाळवायची, ही महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली साठवणीची सोय होती. मेथी का, तर तिच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट पदार्थ भरपूर असतो. तो लगदा बांधून धरतो, आणि मेथीच्या कडवटपणामुळे कीडही दूर राहते असा अनुभव. अशा टोपलीत धान्य, डाळी, सुक्या मिरच्या ठेवत, आणि ती फुटली की तुकडे भिजवून पुन्हा थापता येत. मैद्याची किंवा कणकेची खळही याच जातीची. पुस्तकबांधणीवाले कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत (ते विषारी आहे, घरच्या कामात नको). आजही जुन्या हस्तलिखितांचं जतन करणारे तज्ज्ञ फाटलेलं पान जोडायला गव्हाच्या सत्त्वाचीच खळ घेतात. त्याहून घट्ट धरणारे रासायनिक गोंद त्यांना ठाऊक नाहीत असं नव्हे. पण खळ पाण्याने सुटते, आणि पुढच्या पिढीला आपली दुरुस्ती काढून अधिक चांगली करता यावी, हे त्यांच्या शास्त्राचं तत्त्वच आहे.

गरम गोंदाच्या बंदुकीतली कांडी म्हणजे बहुतेक वेळा ईव्हीए हे प्लास्टिक. ते उष्णतेने मऊ होतं, म्हणजे जोड सुटते ती नेमकी नको तेव्हा, बंद मोटारीत किंवा नागपूरच्या मे महिन्यात. आणि हवी तेव्हा सोडवायला जावं, तर कागद किंवा कापड फाटून येतं. चमकी ही सहसा प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन कापलेली असते. एकदा सांडली की ती कुठल्याच चाळणीत सापडत नाही, म्हणून युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. एपॉक्सी रेझिनचे पारदर्शक दागिने सध्या फार लोकप्रिय आहेत. आत वाळलेलं फूल, वर काचेसारखा गोळा. रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, आणि घट्ट होण्याआधी कातडीला लागत राहिलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते. मातीत मिसळलं असतं असं फूल त्यात अडकवून, कधीच न कुजणारा गोळा करणं याला निसर्गप्रेम म्हणावं का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

यावर पहिला आक्षेप येईल तो दागिने करणाऱ्यांकडून. कानातलं म्हणजे गोधडी नव्हे, ते हलकं हवं, पक्कं हवं, घामात टिकायला हवं. आक्षेप रास्त आहे, पण पक्केपणाला गोंदच लागतो असं नाही. युगांडात कंपाला शहरातल्या अचोली वस्तीत, उत्तरेकडच्या यादवीतून विस्थापित झालेल्या बायकांनी कागदी मण्यांच्या माळांवर आपला चरितार्थ चालवला. जुन्या पोस्टरचा किंवा कॅलेंडरचा कागद लांबट त्रिकोणात कापायचा, रुंद टोकापासून सुईवर घट्ट गुंडाळायचा, निमुळतं टोक थेंबभर गोंदाने बसवायचं आणि वरून वॉर्निशचा हात द्यायचा. पाया दोन सेंटिमीटर आणि लांबी पंचवीस-तीस सेंटिमीटर घेतली, तर मधे फुगीर, कडांना निमुळता मणी होतो. तो टणक होतो तो गुंडाळीच्या ताणामुळे, गोंदाचं काम फक्त टोक धरण्याचं. (दिवाळी अंकातली जाहिरातींची गुळगुळीत पानं याला उत्तम. लेखांची पानं वाचून झाल्यावर घ्यावीत.) मणी दोऱ्यात ओवायचे आणि पक्कडीने उघड-मीट होणाऱ्या कड्यांनी हूक जोडायचा, म्हणजे एक मणी खराब झाला तर तेवढाच बदलता येतो.

काटकसर कुठे करायची नाही, तेही इथेच सांगायला हवं. स्वस्त हुकातून निकेल सुटतं आणि कान चिघळतात. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, अशी युरोपातली मर्यादा आहे. म्हणून मणी रद्दीचे चालतील, हूक मात्र चांगल्या पोलादाचा किंवा चांदीचा असावा. 'नैसर्गिक' म्हणून सगळं सुरक्षित, हाही गैरसमज. लालबुंद, काळ्या ठिपक्याची गुंज दागिन्यात सुरेख दिसते. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, असं सोनारांचं वजनच तिच्यावर उभं होतं. पण तिच्यातलं अॅब्रिन अत्यंत विषारी असतं. अख्खी गुंज तराजूत निरुपद्रवी असते, ती भोक पाडताना घातक होते. ब्रिटनमध्ये २०११ साली अशा बियांची ब्रेसलेटं विक्रीतून परत मागवावी लागली होती. चिंचोका घ्या, गुंज नको.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दंड आणि गोधडी ही गरिबीची लेणी होती, त्यात तत्त्वज्ञान कसलं शोधता? आणि ते डोळे फोडणारं काम बिनपगारी करत होत्या बायकाच. हे दोन्ही खरं आहे. ज्यांनी दंड घातलेली लुगडी नेसली, त्यांना संधी मिळताच नवी हवीशी वाटली यात नवल नाही, आणि त्या दिवसांना सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही. पण गरिबीने शिकवलेली युक्ती गरिबी गेल्यावर चुकीची ठरत नाही. चुकीचा असतो तो तिचा हिशेब. आजही चिंध्यांची पिशवी विकायला ठेवली की गिऱ्हाईक म्हणतं, 'चिंध्याच तर आहेत, एवढी किंमत?' सामान फुकट म्हणून मजुरीही फुकट, हे जुनंच गणित पुढे चालू आहे. खरं तर शिंप्याच्या दुकानातल्या कतरणीतून पिशवी करायला नव्या कापडापेक्षा जास्त वेळ लागतो. रंग जुळवायचे, तुकडे चौकोनी करायचे, तकलादू बाजूला काढायचे. म्हणून किंमत तासांवर ठरवावी, सामानावर नव्हे. आणि विकणाऱ्या बाईने तास उघड सांगावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जुन्या कापडाचा फायदा मात्र आकड्यांत दिसतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा कुठे तापमानवाढीच्या बाबतीत ती एकदा वापरून फेकलेल्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. सभा-संमेलनांत फुकट वाटल्या जाणाऱ्या कोऱ्या कापडी पिशव्यांचं कौतुक यापुढे जरा जपूनच करावं. जुन्या साडीच्या पिशवीला हा हिशेब लागू नाही, तिच्या कापसाचं पाणी आणि वीज साडीच्या खात्यावर आधीच पडलेली आहे. पण तीच पिशवी 'जुन्या साडीचा लूक' म्हणून नव्या छापील कापडाची शिवली की सवलत संपली. खणाच्या दागिन्यांचंही तसंच. चोळीच्या उरलेल्या तुकड्यांपासून केले तर छान, त्यासाठी नवा खण फाडला तर तो निव्वळ दागिना. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला टाकाऊ म्हणू नये.

राहता राहिला आनंदाचा मुद्दा. मुलांना रंगू द्या, चिकटवू द्या, प्रत्येक गोष्टीत कचऱ्याचा हिशेब कशाला? कबूल. पण मग त्याला हस्तकला म्हणा. आणि कायमची जोड नेहमीच गुन्हा, असंही नाही. चंदीगडचा रॉक गार्डन पाहा. नेक चंद यांनी १९५७ पासून गुपचूप जमवलेल्या फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे तिथे सिमेंटमध्येच बसलेले आहेत. १९७६ साली बाग लोकांसाठी खुली झाली आणि आजही उभी आहे. पिढ्यान्‌पिढ्या जागचं हलवायचं नसेल, तर सिमेंट वापरावं. पेनं ठेवायचं भांडं त्या लायकीचं असतं का, एवढंच विचारायचं.

साठवणीच्या डब्यांना हा नियम सहज लागू होतो. तेलाचा पत्र्याचा डबा छान दिसावा म्हणून त्यावर सुतळी चिकटवण्याऐवजी जुन्या परकराची खोळ शिवून वर नाडी ओवली, तर ती काढून धुता येते आणि डबा गंजला की भंगारात देता येतो. बुटांच्या खोक्याला खळीने कापड लावता येतं. जुनं रंगवलेलं लाकूड किंवा डबा घासून पुन्हा रंगवताना मात्र सांभाळावं. रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० ची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या नाकातोंडात जायला नको.

आणि दिवाळीसाठी एक विनंती. घरी कामट्यांचा आकाशकंदील करत असाल, तर कामट्या दोऱ्याने बांधा आणि कागद खळीने लावा. तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवताना कागद ओल्या फडक्याने सोडवा आणि सांगाडा माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी नुसता पतंगी कागद आणला की झालं.