छातीवरचे सतरा तास

वेळेआधी जन्मलेलं, जेमतेम दीड किलोचं बाळ. त्याच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते. ती भरून काढण्यात रक्तातली साखर संपत जाते, मधूनच श्वासही थांबतो. अशा बाळाला काचेच्या पेटीत ठेवायचं, हे आपल्याला माहीत असतं. पण पेट्याच पुरेनाशा झाल्या तर?

१९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे सानाब्रिया यांच्यापुढे हाच पेच होता. एका पेटीत एकाहून अधिक बाळं आणि त्यातून पसरणारा संसर्ग. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी उभी बांधायला लावली. आपल्याकडच्या नवजात कक्षांतही आता या पद्धतीचं ‘कांगारू मदर केअर’ हे नाव ओळखीचं झालं आहे.

थक्क व्हावं असं पुढे आहे. बाळ गार पडू लागलं की आईच्या छातीचं तापमान वाढतं, ते उबदार झालं की उतरतं. एका आईच्या छातीवर जुळी ठेवून पाहिली, तर दोन्ही स्तनांचं तापमान आपापल्या बाळाच्या गरजेप्रमाणे वेगवेगळं बदललं! स्पर्शाने दूधही वाढतं, आणि बाळाच्या अंगावर दवाखान्यातल्या जंतूंआधी आईच्या अंगावरचे जंतू वस्ती करतात.

हे सगळं आईच्या नकळत घडतं. पण त्यासाठी तिने तिथे असावं लागतं, आणि ते असणं फार कष्टाचं आहे. बाळंतपणाने शिणलेलं अंग, ओले टाके, तरी मागे रेलून तासन् तास बसायचं. बाळाची मान पुढे झुकली तर श्वासनलिका दबते, म्हणून डोकं एका बाजूला वळलेलं आहे ना, रंग बदलत नाही ना, हे सतत बघायचं. झोपसुद्धा रेलूनच.

भारतासह पाच देशांतल्या ३,२११ बाळांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एका गटाला जन्मानंतर लगेच, दिवसाचे साधारण सतरा तास छातीशी ठेवलं. दुसऱ्या गटाला प्रकृती स्थिरावेपर्यंत नेहमीच्या अतिदक्षता कक्षात. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, पहिल्यातली १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला गेला. बाळाला लगेच छातीशी ठेवण्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच आणावी लागली होती. मला हा बदल औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

सतरा तास एकटीच्याने निभत नाहीत. ती जेवायला, आंघोळीला उठली की बाबा, आजी, मावशी सदरा किंवा ब्लाउज सैल करून बाळाला घेतात. पाळी चुकवून चालत नाही. वजन अडीच किलोच्या आसपास गेलं, की बाळच हातपाय झाडून बाहेर पडायची धडपड करू लागतं. तेव्हा बांधणं थांबवतात.