राजदूताला नाकारलेली फाईल

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यूल मार्शाल हा बेल्जियमचा पश्चिम आफ्रिकेतला राजदूत होता. लायबेरियातल्या एका वर्तमानपत्रात त्याला ओझरता उल्लेख दिसला: काँगो ही बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती, त्या काळात तिथे एक कोटी माणसं मेली. मार्शालला ही निव्वळ बदनामी वाटली. त्याने स्वतः काँगोत सरकारी अंमलदार म्हणून कित्येक वर्षं काढली होती, आणि असलं काही कधी कानावर आलं नव्हतं. खंडन करायचं तर पुरावा हवा, म्हणून त्याने ब्रुसेल्सला परराष्ट्र खात्याकडे माहिती मागितली. उत्तर आलं नाही. मग तो स्वतःच जुनी कागदपत्रं धुंडाळू लागला, आणि एका फाईलपाशी येऊन अडला.

काँगोत रबरासाठी चाललेल्या जुलमाचा बोभाटा झाल्यावर १९०४मध्ये लिओपोल्डला चौकशी आयोग नेमावा लागला. राजाने स्वतःच्याच कारभाराची चौकशी करायला माणसं नेमली, की निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण इथे गणित चुकलं. यान्सेन्स, निस्को आणि शुमाखर हे तिघे खरोखरच गावोगाव फिरले आणि त्यांनी ३७० जबान्या नोंदवल्या. ऐकता ऐकता त्यांच्यातल्या एकाला रडू कोसळलं.

बोलिमाचा मुखिया लोन्तुलू ११० काड्या घेऊन आयोगासमोर आला. चाबकाचे फटके, ओलीस राहणं, साखळदंडातली मजुरी, हे सगळं त्याने भोगलं होतं. त्याने काड्यांचे चार ढीग केले: मानकरी, पुरुष, बायका, मुलं. मग एकेक काडी ठेवत रबरापायी मारल्या गेलेल्या त्या-त्या माणसाचं नाव घेतलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची साक्ष कच्ची मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा. रबर गोळा करणाऱ्या कंपनीच्या वह्यांत रबराचे किलो होते, माणसं नव्हती.

१९०५मध्ये अहवाल छापला गेला. त्याने राजवटीला दोषी धरलं, पण मोघम भाषेत. जबान्या वगळल्या. १९०८मध्ये काँगो बेल्जियमच्या ताब्यात देण्याआधी लिओपोल्डने आपल्या कारभाराची दप्तरं जाळायला लावली. भट्ट्या आठ दिवस धगधगत होत्या. जबान्या मात्र त्यातून वाचल्या आणि सरकारी कपाटात कुलूपबंद झाल्या.

मार्शालला नेमक्या त्याच हव्या होत्या. देशाचा राजदूत, गुप्त कागद पाहण्याची मुभा असलेला! तरी नकार. देशाच्या लौकिकाला बाधा आणणारे कागद संशोधकांना दाखवायचे नाहीत, असा म्हणे नियम होता. त्या काळातला असा कुठला कागद लौकिक वाढवणार होता, कोण जाणे. आठ वर्षं तो मागत राहिला. १९८०च्या दशकात फाईल अखेर उघडली, आणि काँगोच्या लोकांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळालं.

१९८५मध्ये त्याने काँगोवर डच भाषेत पुस्तक काढलं, तेही ए. एम. डेलाथुई या टोपणनावाने, कारण नोकरी चालूच होती. निवृत्तीनंतर स्वतःच्या नावाने लिहिताना तो लिओपोल्डपाशी थांबला नाही. राजा गेला तरी वेठबिगार सुटली नव्हती. 'सनलाइट' साबणवाल्या लिव्हर यांच्या पामतेलाच्या मळ्यांसाठी बेल्जियमच्या राजवटीत गावकऱ्यांना कसं जुंपलं जाई, यावर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं. ते १९४५पर्यंत येतं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या काँगोतल्या नोकरीच्या जवळजवळ दारापर्यंत.