उत्पादक कंपनीचा पदरचना-तक्ता : आखणी व निगा

लोणी काळभोर परिसरातील भाजीपाला पहाटेपूर्वी गुलटेकडीच्या बाजारात पोहोचवावयाचा असतो. शेतकऱ्यांनी त्यासाठी उत्पादक कंपनी स्थापन केली, तर वजनात वा पट्टीत तफावत आढळल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हे आधीच ठरलेले असावे.

२०१३ च्या कंपनी कायद्यात २०२० साली समाविष्ट झालेल्या प्रकरणानुसार सभासदांनी ५ ते १५ संचालक निवडावयाचे असतात व संचालक मंडळाने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावयाचा असतो. तो सभासदांपैकी नसावा, ही तरतूद नजरेआड होऊ देऊ नये.

संगणकावरील कामकाज-प्रणालीत तक्ता सहसा हाताने काढावा लागत नाही. प्रत्येकाच्या नोंदीत ‘वरिष्ठ कोण’ हा रकाना भरला की शाखा आपोआप जुळतात. प्रथम हुद्दे नोंदवावेत, मग नावे. वजन करणाराच पट्टी मंजूर करीत असेल, तर तक्ता कितीही रेखीव असला तरी व्यर्थ होय.

आखणीपेक्षा निगा कठीण. हंगामात काट्यावरील कारकून बदलतो, प्रणालीत मात्र जुनेच नाव राहते. पट्टी गेलेल्या माणसाच्या खात्यात पडून राहते आणि शेतकऱ्याचे पैसे अडकतात. यास्तव बदलाच्या दिवशीच नवी नोंद करून जुने खाते बंद करावे. हे काम एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे. संचालकांची मुदत १ ते ५ वर्षे असते. म्हणून वार्षिक सभेनंतर वरच्या शाखाही तपासाव्यात. तक्त्याची छापील प्रत, तारखेसह, संकलन केंद्राच्या भिंतीवर लावावी. ज्या सभासदाजवळ संगणक नाही, त्याला तीच उपयोगी पडते.