ऑप्शन विकून मिळणारा प्रीमियम म्हणजे पगार नव्हे

‘शेअर तारण ठेवा, ऑप्शन विका आणि दरमहा घरबसल्या उत्पन्न मिळवा’ अशा जाहिराती आज अनेकांच्या मोबाइलवर येत आहेत. निवृत्तीची रक्कम हाती आलेले कर्मचारी आणि नोकरीच्या शोधातले तरुण त्याकडे ओढले जातात. पण हे पैसे नेमके कशाचे मिळतात, ते आधी समजून घेऊ.

ऑप्शन हा एक करार आहे. पुट घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क मिळतो, तर कॉल घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने तो विकत घेण्याचा. हक्क घेणाऱ्याचा, बंधन मात्र विकणाऱ्यावर. या बंधनाचा मोबदला म्हणजे प्रीमियम. थोडक्यात, विकणारा विमा कंपनीसारखा दुसऱ्याचा धोका स्वतःवर घेतो. पण विमा कंपनीकडे हजारो घरे असतात आणि ती एकाच दिवशी जळत नाहीत. बाजार कोसळतो तेव्हा मात्र बहुतेक शेअर एकदमच पडतात.

एक काल्पनिक हिशेब पाहू. शेअरचा भाव १,००० रुपये, एका लॉटमध्ये ५०० शेअर. आपण ९५० चा पुट १२ रुपयांना विकला, तर ६,००० रुपये जमा झाले. भाव ९५० च्या वर राहिला तर ते आपले. पण कंपनीचा निकाल वाईट लागून भाव ८०० वर आला, तर प्रत्येक शेअरमागे १५० प्रमाणे ७५,००० रुपये तोटा. प्रीमियम वजा करूनही ६९,००० रुपये गेले, म्हणजे अकरा महिन्यांहून अधिक काळाची कमाई एका फटक्यात संपली. कॉल विकला असेल तर भाव कितीही वर जाऊ शकतो, म्हणून तोट्याला मर्यादाच नाही. स्वतःकडे शेअर असताना कॉल विकणे तुलनेने सुरक्षित. पण त्यातही वाढीचा लाभ मर्यादित होतो आणि घसरणीचा तोटा आपल्याकडेच राहतो.

ऑक्टोबर २०१९ पासून शेअर ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. वरील पुट मुदतीपर्यंत ठेवला, तर ८०० चे शेअर ९५० ने घ्यावे लागतील आणि ४,७५,००० रुपये उभे करावे लागतील. दरम्यान ब्रोकर वाढीव मार्जिन मागतो. ते भरता आले नाही, तर तो सौदा तोट्यात बंद करू शकतो. मार्जिनसाठी तारण ठेवलेल्या शेअरची किंमतही त्याच वेळी घटलेली असते.

निर्देशांकाचे ऑप्शनही सुरक्षित नाहीत. ३ जून २०२४ रोजी निफ्टी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढला आणि दुसऱ्याच दिवशी, लोकसभा निकालाच्या दिवशी, जवळपास सहा टक्के कोसळला. पहिल्या दिवशी कॉल विकणारे अडचणीत आले, तर दुसऱ्या दिवशी पुट विकणारे.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. यात ऑप्शन घेणारे आणि विकणारे दोघेही आहेत.

सरकारी कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १६ नुसार शेअरमध्ये सट्टा करण्यास मनाई आहे आणि वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच मानला जातो. पैशांबरोबर नोकरीही धोक्यात येऊ शकते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : सल्ला देणाऱ्याची सेबीकडील नोंदणी तपासा. ‘महिन्याला किती मिळतील’ याआधी ‘एका वाईट दिवशी किती जातील’ असे विचारा आणि उत्तर रुपयांत, कागदावर मागा. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, मुलांच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नका. आपल्यापैकी अनेक घरांत ही पहिल्याच पिढीची बचत आहे. ती गेली तर भरून देणारे मागे कोणी नाही.