बगाटेलचे छर्रे ते ‘टॉमकॅट’

गिरगावच्या चाळीत मे महिन्याच्या दुपारी बगाटेल खेळलेल्यांना पिनबॉल अनोळखी वाटणार नाही. उतार तोच, स्प्रिंगही तीच. मात्र १९४७ मध्ये गोळी परतवणारे फ्लिपर आले आणि नशिबाच्या खेळात हाताचे कसब शिरले.

१९८७ चे ‘एफ-१४ टॉमकॅट’ लढाऊ विमानावर बेतलेले. माथ्यावर फिरते दिवे, आत सुमारे ८० ग्रॅमची पोलादी गोळी. दिसल्यावर बोट हलायलाच साधारण पाव सेकंद जातो. घाबरून दोन्ही बटणे बडवणारा हमखास हरतो. (आम्हीही!) त्यापेक्षा कडेने घरंगळणाऱ्या गोळीसाठी फ्लिपर उचलून धरावा. जोरदार कॉईल तो उचलते, मग बारीक तारेची कॉईल कमी विजेवर पेलते, म्हणून जळत नाही. गोळी बेचक्यात विसावते. आता सावकाश नेम धरा.