विश्लेषण : सायकल चालवून गरिबांची घरे कशी उभी राहतात?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत, हजारो किलोमीटर, तेही सायकलवर! ‘फुलर सेंटर फॉर हाउसिंग’ ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था 2008 पासून अशा मोहिमा काढते. पण सायकल चालवल्याने गरिबाला घर कसे मिळते?

संस्था कोणाची?
मिलार्ड फुलर यांनी पत्नी लिंडा यांच्यासह 1976 मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ स्थापन केली. 2005 मध्ये तेथून बाहेर पडावे लागल्यावर दोघांनी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस येथे ही नवी संस्था काढली. 2009 मध्ये मिलार्ड यांचे निधन झाले. मोहिमा थांबल्या नाहीत.

पैसा कुठून येतो?
प्रत्येक सायकलस्वार नातलग, मित्र, परिचितांकडून देणग्या जमवतो. रात्रीचा मुक्काम बहुतेकदा वाटेवरच्या चर्चमध्ये असतो. त्यामुळे हॉटेलचा खर्च वाचतो.

फक्त सायकलच चालवायची?
नाही. काही दिवस सायकली बाजूला ठेवून सगळे हातोडा, ब्रश उचलतात आणि वाटेवरच्या गावात घरबांधणी, दुरुस्तीला लागतात. अर्थात, एका दिवसात घर पूर्ण होत नाही. उरलेले काम स्थानिक स्वयंसेवकांनाच तडीस न्यावे लागते.

घर फुकट मिळते का?
नाही. नव्या घरासाठी कुटुंब स्वतः राबते आणि बिनव्याजी हप्ते फेडते. परत आलेल्या पैशातून पुढच्या कुटुंबाच्या घराला हातभार लागतो. सायकली किनाऱ्यावर थांबतात, देणगीचा पैसा मात्र फिरत राहतो.