ऑलिम्पिक गीत आणि स्पर्धागीते

मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांची अधिकृत गीते ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक संस्थेचे कायमचे गीत, जे स्पर्धा कुठेही भरली तरी बदलत नाही. दुसरे त्या वर्षाच्या स्पर्धेपुरते करून घेतलेले.

ऑलिम्पिक गीत पहिल्या प्रकारातले. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाले, तेव्हा कवी कोस्तिस पालामास यांच्या शब्दांना स्पिरिदोन सामारास यांनी चाल दिली. पुढे बरीच वर्षे यजमान देश आपापली गीते करून घेत. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचे गीत रिचर्ड स्ट्राउस यांनी संगीतबद्ध केले होते. १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने सामारास यांची रचना अधिकृत ठरवली आणि १९६० पासून ती नियमाने वाजू लागली.

उद्घाटनात या गीताची जागा ठरलेली असते. पाच वलयांचा ध्वज मैदानात आणून स्तंभाच्या दोरीला बांधतात आणि तो वर चढू लागला की गीत सुरू होते. चाल संथ, भारदस्त आहे. सावकाश चढणाऱ्या ध्वजाला ती शोभते. गीत कधी ग्रीकमध्ये, कधी इंग्रजीत गातात, तर कधी नुसते वाद्यवृंदावर वाजवतात. समारोपाला ध्वज उतरतानाही तेच लागते.

पदक देताना विजेत्याचे राष्ट्रगीत वाजते. ज्यांना देशाच्या नावाने उतरता येत नाही, त्यांच्यासाठी ऑलिम्पिक गीत लावले गेले आहे. २०१८ मध्ये प्याँगचांगला रशियाचे खेळाडू ऑलिम्पिक ध्वजाखाली खेळले. पुरुषांच्या आइस हॉकीचे सुवर्ण त्यांनी जिंकले, तेव्हा ध्वनिक्षेपकावर ऑलिम्पिक गीत चालू होते आणि खेळाडू मात्र रशियाचे राष्ट्रगीत गात होते.

दुसऱ्या प्रकारच्या गीताला यजमानाची ओळख करून द्यायची असते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचे स्वागतगीत पंडित नरेंद्र शर्मा यांनी लिहिले आणि पंडित रविशंकर यांनी संगीतबद्ध केले. २०१० मध्ये फुटबॉल विश्वचषक प्रथमच आफ्रिकेत भरला. त्यासाठी शकिराने दक्षिण आफ्रिकेच्या फ्रेशलीग्राउंड गटासोबत गायलेल्या ‘वाका वाका’चे धृपद कॅमेरूनच्या ‘झांगालेवा’ या जुन्या गाण्यावरून घेतले होते. अशा गीतात ठेका ठळक आणि धृपद छोटे असते, म्हणजे भाषा न कळणारा प्रेक्षकही दुसऱ्या फेरीला सूर मिसळतो. स्पर्धा आटोपली की त्याचे अधिकृत काम संपते; पुढचा यजमान नवे गीत करून घेतो.